हिशेब मागणारा महात्मा

बुलढाणा, विशेष प्रतिनिधी

राज्यातील गोरगरिबांच्या मोठ्या आजारांचा खर्च उचलणाऱ्या आरोग्य योजनेला २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. शिधापत्रिका हाती घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तोंडी ते 'फुले योजना' अशा सुटसुटीत रूपात रुळले आहे. शासनाच्या खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की गरिबांच्या औषधपाण्यावरची रक्कम नेहमीच डोळ्यांत भरते. ज्या महापुरुषाचे नाव या योजनेच्या माथ्यावर आहे, त्याने सार्वजनिक पैशाबाबत आयुष्यभर कोणती भूमिका घेतली, हे अशा वेळी आठवणे अगत्याचे ठरते. जोतीरावांची ओळख स्त्रीशिक्षणाचे आणि जातिनिर्मूलनाचे अग्रदूत म्हणून सर्वांना आहे. मात्र तिजोरीत पैसा कोणाच्या घामातून येतो आणि तो कोणावर खर्च होतो, असा रोखठोक हिशेब मागणारे जोतीराव तुलनेने अपरिचित राहिले आहेत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांच्या व्यवसायात जम बसल्यावर या कुटुंबाला फुले हे नाव चिकटले. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच गेल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. माळ्याच्या मुलाला इंग्रजी शिक्षण कशाला, असे म्हणणाऱ्यांच्या दबावामुळे वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले होते. पुढे गफ्फार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह त्याआधीच, १८४० मध्ये, झाला होता.

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि वर्षभरातच या दांपत्याला घर सोडावे लागले. समाजाच्या रोषाला भ्यालेल्या वडिलांनी मुलाला आणि सुनेला बाहेरची वाट दाखविली. उस्मान शेख या मित्राने त्यांना आसरा दिला. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. शालजोडी पांघरून स्वस्थ बसण्याचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांच्या कामाची एक रीत आरंभापासूनच स्पष्ट दिसते. एखाद्याचे दुःख पाहून चार पैसे हातावर ठेवावेत आणि पुढे निघून जावे, ही त्या काळातील दानधर्माची परिपाटी होती. जोतीरावांनी त्याऐवजी संस्था उभ्या केल्या. फसविल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावे आणि नवजात अर्भकांचे जीव वाचावेत, यासाठी १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे येणाऱ्या स्त्रीला जात, कुळ किंवा चारित्र्याचा दाखला द्यावा लागत नसे. गरज हीच पात्रता होती. त्याच गृहात काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. स्वच्छ पाणी आणि सुरक्षित बाळंतपण या आज सार्वजनिक आरोग्याच्या पायाभूत गोष्टी मानल्या जातात. त्या दोन्हींची सुरुवात जोतीरावांनी आपल्या घरापासून केली.

ठेकेदाराची नजर

चरितार्थासाठी जोतीराव ठेकेदारी करीत. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांच्या कंपनीचा संबंध होता. खडकवासल्याच्या धरणाच्या कामालाही त्यांनी माल पुरविला. या व्यवसायामुळे सरकारी पैसा कागदावरून प्रत्यक्ष कामापर्यंत पोहोचताना वाटेत कोठे कोठे मुरतो, हे त्यांना जवळून पाहता आले. खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती काय पडते आणि वरच्या पायरीवर बसलेल्यांच्या खिशात काय जाते, याचा हिशेब त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावा लागला नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, तेव्हा त्यामागे ही अनुभवाची शिदोरी होती.

तीन वर्षांनी दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. १८७६ ते १८७८ या काळात गावेच्या गावे ओस पडली. माणसे पोरे सोडून परागंदा झाली. जोतीरावांनी आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला आणि शेकडो मुलांच्या जेवणाची सोय केली. त्यासाठी वर्गणी जमविली, लोकांना आवाहने केली. सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात फिरून दुष्काळग्रस्तांसाठी काम करीत होत्या. मात्र इतक्या प्रचंड संकटाला खासगी दयाळूपणा पुरा पडत नाही, हा त्या काळाचा धडा होता. पाऊस चुकला तरी माणसे मरू नयेत यासाठी बंधारे, तळी, पाटाचे पाणी हवे आणि हे काम राज्यकर्त्यांचे आहे, असे जोतीरावांनी पुढे 'शेतकऱ्याचा आसूड' या ग्रंथात सविस्तर मांडले. तो ग्रंथ १८८३ मध्ये पूर्ण झाला.

सभागृहातील एकटे मत

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांच्या चरित्रातील हा टप्पा आजच्या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर सजवावे आणि त्याकरिता एक हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांनी सुचविले. बत्तीस नियुक्त सदस्यांपैकी सरकारी ठरावाला मत न देणारे ते एकटेच होते. ठराव मंजूर झाला. व्हाइसरॉयसाठी उभारलेल्या कमानी कधीच उतरल्या, पण त्या दिवशी जोतीरावांनी विचारलेला प्रश्न मात्र कायम राहिला.

१८८० च्या जुलै महिन्यात त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. लोकांच्या आरोग्याची देखरेख करण्यावर एकीकडे पैसा खर्च करायचा आणि दुसरीकडे आरोग्य बुडविणारी दुकाने वाढू द्यायची, यातील विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. आजारपण हे माणसाच्या नशिबाचे किंवा सवयीचेच फळ नसते, त्यात सरकारी धोरणाचाही वाटा असतो, ही दृष्टी त्या पत्रामागे आहे.

पुण्यात भव्य मंडई बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हाही जोतीरावांनी त्या खर्चाला विरोध केला. प्राथमिक शिक्षणासाठी पैसा नाही म्हणणाऱ्यांना दगडी मनोरे परवडतात कसे, हा त्यांचा सवाल होता. मंडई बांधली गेली आणि १८८६ मध्ये ती गव्हर्नर रे यांच्या नावाने सुरू झाली. दैवदुर्विलास असा, की पुढे त्याच वास्तूला महात्मा फुले मंडई असे नाव देण्यात आले. एखाद्याचे नाव लावले म्हणजे त्याचे म्हणणे ऐकले, असे होत नाही. पुण्याची मंडई याची साक्षीदार आहे.

१८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन सादर केले. त्यातील मुख्य मुद्दा साधा होता. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. शेतकऱ्याच्या मुलाच्या वाट्याला धड प्राथमिक शाळाही येत नाही. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि त्यासाठी पुरेसा निधी राखून ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. गरिबासाठी मागितलेला पैसा ही भीक नव्हे. त्यानेच भरलेल्या कराची ती अंशतः परतफेड आहे, असे या मागणीचे तर्कशास्त्र होते.

जोतीराव काटकसरीचे विरोधक नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे. आपल्या लेखनात त्यांनी सरकारी खर्च कमी करण्याचा आग्रह अनेकदा धरला. त्यांचा रोख मात्र गोऱ्या आणि काळ्या बड्या अधिकाऱ्यांच्या भरमसाट पगारांवर आणि निवृत्तिवेतनांवर होता. कात्री चालवायचीच तर वरून चालवा, असे ते सांगत. राज्यकर्त्यांनी बहुधा उलट दिशेने सुरुवात केली.

जायबंदी कामगाराचा पगार

जोतीरावांच्या या विचाराला कारखान्याच्या दारापर्यंत नेले ते त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० मध्ये लोखंडे यांनी मुंबईत चालविण्यास घेतले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या होत्या. आणखी एक मागणी होती आणि तिची आठवण आज कमी लोकांना आहे. गिरणीत काम करताना कामगाराला गंभीर इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

आजारी किंवा जखमी श्रमिकाचा भार एकट्या त्याच्या कुटुंबाने सोसू नये, हे तत्त्व भारतीय कामगारांच्या वतीने इतक्या नेमकेपणाने मांडले गेल्याचे हे फार जुने उदाहरण आहे. साप्ताहिक सुटीची मागणी १८९० मध्ये पदरात पडली. आजारपणाच्या विम्याला मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि तोही संघटित कामगारांपुरता. शेतमजूर, कोरडवाहू शेतकरी, हमाल, मोलकरणी यांना सरकारी खर्चाने मोठ्या उपचारांची हमी मिळण्यास आणखी कित्येक दशके जावी लागली.

बुलढाण्याचे ऋणानुबंध

वऱ्हाडच्या घाटावर वसलेल्या बुलढाण्याचे या चळवळीशी जुने नाते आहे. 'स्त्रीपुरुषतुलना' हा १८८२ चा घणाघाती ग्रंथ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सदस्य होते. या पुस्तकावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुण्यातील नामवंतांना न रुचलेल्या बुलढाण्याच्या लेखिकेच्या पाठीशी उभे राहण्यासाठी त्यांना कोणाच्या परवानगीची गरज वाटली नाही.

दुसरे नाते चिखलीचे. जोतीरावांच्या निधनानंतर सदतीस वर्षांनी, १९२७ मध्ये, त्यांचे मराठीतील पहिले चरित्र म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिला. पाटील हे चिखलीचे. पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी जोतीरावांची दखल घेण्याआधी बुलढाणा जिल्ह्यातील एका तरुण सत्यशोधकाने त्यांच्या आयुष्याची कागदपत्रे आणि आठवणी जमविल्या. फुले यांच्या नावाची योजना या जिल्ह्यात आली, तेव्हा ते नाव येथे परके नव्हते.

पक्षाघात आणि मित्रांचा आधार

११ मे १८८८ रोजी मुंबईत जाहीर समारंभात जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात दिलेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले होते. झगमगाटातील पाहुण्यांना खरा हिंदुस्थान दिसावा, हा त्यामागचा हेतू होता. मानसन्मानाच्या या वर्षातच त्यांच्यावर पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली.

या आजारपणाने एक कटू सत्य उघड केले. ठेकेदारीत मिळविलेला पैसा शाळा, आश्रम आणि समाजकार्यात कधीच संपला होता. उपचारासाठी घरात पुंजी नव्हती. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. मित्रमंडळी मदतीला धावली. १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून जोतीरावांच्या हलाखीची कल्पना दिली आणि साह्याची विनंती केली. ज्याच्यासाठी महाराजांकडे शब्द टाकणारे मित्र होते, त्याची ही अवस्था. ज्याला असा मित्र नाही, त्या जळगाव जामोदच्या किंवा लोणारच्या शेतमजुराने कोणाला पत्र लिहावे? सार्वजनिक आरोग्य विम्याची गरज सांगण्यासाठी याहून वेगळा दाखला शोधण्याचे कारण नाही.

उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांची प्राणज्योत मालवली. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद उपस्थित केला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या.

प्लेगच्या साथीत

जोतीरावांच्या कार्याची खरी कसोटी त्यांच्या पश्चात लागली. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले. लष्करात वैद्यकीय सेवेत असलेल्या डॉ. यशवंत यांना सावित्रीबाईंनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. वाळीत टाकल्यासारखे पडलेले रुग्ण त्या स्वतः तेथे आणवीत. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्याच सेवेत त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या महिनाभर आधी मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी झटणारे लोखंडे याच रोगाला बळी पडले होते. १९०५ मध्ये डॉ. यशवंत यांचाही प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना अंत झाला.

पत्नी, सहकारी आणि मुलगा अशा तिघांनी परक्यांच्या आजारपणापायी प्राण वेचले. या तिघांच्या त्यागापुढे नतमस्तक होतानाच हेही ध्यानात घ्यावे लागते, की जेथे व्यवस्था नसते तेथेच माणसांना असे हौतात्म्य पत्करावे लागते.

नावाची किंमत

आता वर्तमानाकडे वळू. राज्यात १९९७ पासून जीवनदायी योजना होती. तिची जागा २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली. ती आधी आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळू लागले. २०१७ मध्ये तिचे नामांतर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांबरोबरच शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना तिच्यात सामावून घेण्यात आले. त्या चौदांत बुलढाणा आहे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची मर्यादा पाच लाखांवर आणि उपचारांची संख्या १,३५६ वर नेली.

बुलढाण्यासाठी या आकड्यांचा अर्थ अगदी ठोस आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी तेथे वर्षानुवर्षे ऐकू येतात. डायलिसिस एकदा सुरू झाले की ते आठवड्यातून दोन-तीनदा, तेही बहुधा आयुष्यभर करावे लागते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याला असा आजार जडला आणि विम्याचा आधार नसला, तर आधी दागिने, मग बैलजोडी आणि शेवटी जमीन, हा क्रम ठरलेला असतो. सावकाराच्या कर्जामागे नापिकीइतकेच आजारपणही असते, हे या भागात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही.

आरोग्य विम्यातील कपात क्वचितच उघडपणे जाहीर होते. यादीतून काही उपचार वगळता येतात. कागदपत्रांच्या अटी वाढविता येतात. दर वर्षानुवर्षे तेच ठेवता येतात, म्हणजे रुग्णालयेच योजनेतून अंग काढून घेतात. देयके रखडविता येतात, म्हणजे रुग्णाला पुढच्या आठवड्यात या असे सांगितले जाते. कागदावर योजना शाबूत राहते आणि रुग्ण दारातून परततो. विमा योजनेतील गैरप्रकारांना आळा घालायला हवा, बनावट दावे पकडायला हवेत, यात दुमत नाही. तो पैसाही गरिबाचाच आहे. सरकारी रुग्णालये सक्षम करावीत, हा आग्रहही रास्त आहे. पण ती सक्षम होईपर्यंत रुग्णाने थांबावे, असे म्हणता येत नाही, कारण आजार थांबत नाही.

काडेपेटी, डिझेल, कपडालत्ता यांवर कर भरताना शेतमजुराला कोणी सवलत देत नाही. तिजोरीत त्याचा वाटा रोज पडतो. हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मांडलेला हिशेब आजही त्याच ठिकाणी येऊन थांबतो. व्हाइसरॉयच्या कमानींसाठी एक हजार रुपये मंजूर करणाऱ्या एकतीस सदस्यांची नावे आज कोणाच्याही स्मरणात नाहीत. मत न देणाऱ्या बत्तिसाव्याचे नाव राज्याने आपल्या आरोग्य योजनेला दिले आहे. त्या योजनेच्या निधीवर कात्री चालविण्याचा प्रस्ताव यापुढे ज्या सभागृहात येईल, तेथील प्रत्येक सदस्याने हात वर करण्यापूर्वी आपण त्या बत्तिसांत कोणाच्या बाजूला बसलो आहोत, हे पाहून घ्यावे.